डिंगोऱ्यातली जपानी रमी

मंचरच्या एसटी स्टँडवर एका मुलीने माझ्या हातात चौकोनी पेटी ठेवली. ती इतकी जड होती की आत कसलंतरी यंत्र असावं असं मला वाटलं. ही मुलगी माझ्या बायकोबरोबर जपानमध्ये एका वृद्धाश्रमात कामाला होती आणि सुट्टीवर घरी आली होती.

"ताईंनी सांगितलंय, आपटू नका," ती म्हणाली. "आणि ही तुमच्यासाठी नाही. डिंगोऱ्याला द्यायचीय."

डिंगोरे म्हणजे माझी सासुरवाडी. पेटी मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून, एक हात तिच्यावर दाबून धरत मी ओतूरला आलो. वाटेत आळेफाट्याला चहा प्यायला थांबलो तेव्हाही ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

माझी बायको नर्स. लग्नानंतर ती ओतूरच्या एका खासगी दवाखान्यात होती आणि मी तिथल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. आम्ही दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. मग तिने जपानी शिकायचं मनावर घेतलं. रविवारी पहाटेची गाडी धरून पुण्याला क्लासला जायची आणि घरी भांडी घासताना भिंतीवर चिकटवलेली अक्षरं वाचायची. परीक्षा पास झाली, करार झाला, आणि ती गेली. राजुरीला माझ्या घरी थोडी कुरकुर झाली, पण तिच्या वडिलांनी तेव्हा चकार शब्द काढला नव्हता. विमानतळावर जायला गाडी निघाली तेव्हा ते गोठ्यात जाऊन बसले होते.

तिच्या वडिलांना मी मामा म्हणतो आणि आईला मामी. मामांचा गुडघा बदलल्यापासून शेती पुतण्याकडे गेली होती. जन्मभर कांदा आणि टोमॅटो काढलेला माणूस दिवसभर ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचा. लेकीचा फोन आला की मामा विचारायचे, "बरी हायेस ना? जेवलीस का?" आणि ती हो म्हणायच्या आत फोन मामींकडे द्यायचे.

ते तिला फार लागायचं. "आबांना माझ्याशी बोलायचंच नसतं का?" ती मला विचारायची.

"बोलायला त्यांच्याकडे काही नसतं," मी म्हणायचो. "इथे ओट्यावर काय घडतं की ते सांगतील?"

एकदा तिनेच फोनवर सांगितलं, की तिच्या वृद्धाश्रमात काही म्हातारी माणसं दिवसभर तोंड उघडत नाहीत, पण दुपारी माजाँग नावाच्या खेळाचं टेबल मांडलं की तीच माणसं भांडतात, हसतात, एकमेकांना नावं ठेवतात. तिलाही त्यांनीच शिकवलं होतं. त्यानंतर महिन्याभराने ती पेटी आली.

रविवारी मी ती डिंगोऱ्याला नेली आणि मामींच्या देखत उघडली. आत जाडजूड, गुळगुळीत सोंगट्या आणि बारीक काड्यांची एक जुडी रचून ठेवलेली होती. मामींनी एक उचलून वास घेतला. "या तर वड्या हायती साबणाच्या." मग एकदम सावध होऊन म्हणाल्या, "पावणं, ह्यो जुगार न्हाई ना?"

"नाही मामी. पैसे लावायचे नाहीत. या काड्या आहेत ना, त्यांच्यावर गुण मोजायचे."

"मंग चालंल. पत्ते आमच्या घरात बंद हायती, म्हाईत हाय ना?" हे त्या मला सांगत होत्या, पण बघत होत्या मामांकडे. मामा तरुणपणी रमीचे पट्टीचे खेळाडू होते असं मी ऐकून होतो. त्यांनी खुर्ची ओढून जवळ घेतली.

व्हिडिओ कॉल लावून फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. तिकडे दुपार कलली होती आणि तिला सुट्टी होती. सोंगट्यांचे तीन रंग असतात, प्रत्येकात एक ते नऊ. एकावर गोल, एकावर बांबू आणि एकावर जपानी अक्षरांतले आकडे. त्या अक्षरांच्या कोपऱ्यात तिने आधीच लाल पेनाने मराठी आकडे लिहून पाठवले होते. गोलांना मामींनी चकत्या म्हटलं आणि बांबूंना ऊस. तीच नावं पडली. याशिवाय चार दिशांच्या सोंगट्या, आणि लाल, हिरवी, कोरी अशा तीन. एकसारख्या चार-चार सोंगट्या असतात.

पहिलं भांडण खेळ सुरू होण्याआधीच झालं. चार खेळाडू म्हणजे चार दिशा. ती म्हणाली, "पूर्वेच्या उजव्या हाताला दक्षिण बसते."

मामा उभे राहिले. "ओतूर कुठं? तिकडं. ती पूर्व. पूर्वेला बसून आत तोंड केलं तर उजव्या हाताला उत्तर येती. दक्षिण कशी येईल?"

"आबा, या खेळात उलटंच असतं."

"त्यांच्याकडं सूर्य कुनीकडनं उगवतो?"

"आबा!"

मामींनी डोक्याला हात लावला. पण मी फोनच्या पडद्यावर बघितलं, तर ती हसत होती, आणि बापलेक बराच वेळ एकाच विषयावर बोलत होते. मामांनी शेवटपर्यंत ते मान्य केलं नाही. त्या जागेला ते आजही 'खोटी दक्षिण' म्हणतात.

आम्ही तिघेच होतो. चौथे आले मामांचे शाळेतले मित्र. ओतूरचे मारवाडी शेठ, कापडाचं दुकान मुलांकडे सोपवून मोकळे झालेले. घरात मारवाडी आणि बाहेर आमच्याइतकीच मराठी. सूर्यास्ताच्या आत त्यांचं जेवण व्हायला हवं, आणि अंधार पडल्यावर आमच्याकडे बिबट्याच्या भीतीने कुणी स्कूटर काढत नाही. त्यामुळे आमचा खेळ दुपारी सुरू होऊन उन्हं उतरली की थांबायचा. मामी त्यांच्यासाठी कांदा-लसूण न घालता थालीपीठ लावायच्या आणि आम्हालाही तेच खावं लागायचं.

खेळ असा, की हातात तेरा सोंगट्या असतात. एक उचलायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार गट आणि एक जोडी जमली की हात पूर्ण. गट म्हणजे एकाच रंगातले ओळीचे आकडे, नाहीतर तीन सारख्या. रमी खेळलेल्या माणसाला हे लगेच कळतं. मामांना लगेच कळलं आणि तिथेच घोटाळा झाला.

कुणीतरी टाकलेल्या सोंगटीची जोडी आपल्याकडे असली तर 'पोन' म्हणून ती उचलता येते. मामांना या पोनचा नाद लागला. मी काही टाकलं की पोन, मामींनी टाकलं की पोन. समोर गट मांडून मामा मिशीतल्या मिशीत हसत बसायचे. एका रविवारी शेठनी नव्वा टाकला आणि मामांनी हात उघडा करून टेबलावर आपटला. "रॉन!" दुसऱ्याच्या सोंगटीवर हात पुरा झाला की असं ओरडायचं असतं.

मी फोनचा कॅमेरा त्यांच्या सोंगट्यांवर धरला. बायकोने बघितलं आणि विचारलं, "आबा, या हाताचं नाव काय?"

"नाव? पानं लागलीत सगळी, मोज की!"

"नुसतं लागून चालत नाही. हाताला एक तरी नाव लागतं. एक्का-नव्वा न घेता सगळे दोन ते आठमधले असले तर ते एक नाव. लाल, हिरव्या किंवा कोऱ्या तीन असल्या तर ते एक नाव. नाहीतर कुणाचं काही न उचलता गप बसायचं, आणि एकच सोंगटी कमी राहिली की रीची म्हणायचं. तेही नाव झालं. तुम्ही सगळ्यांकडून उचलत बसलात, म्हणून रीची गेली. नव्वे ठेवलेत, म्हणून ते दुसरंही गेलं."

मामा सोंगट्यांकडे बघत राहिले. "आख्खा हात लागला आन म्हनं नाव न्हाई! सातबाऱ्यासारखंच हाय की राव हे."

शेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तिचा पहिला धडा हाच होता. मिळतंय म्हणून उचलू नका, कुठल्या नावाने जिंकणार ते आधी बघा. दुसरा धडा शेठना न शिकवताच आला होता. हातात चार-पाच असेल तर तीन आला तरी चालतो आणि सहा आला तरी चालतो. चार-सहा असेल तर फक्त पाच. त्यामुळे काय ठेवायचं आणि काय टाकायचं हा प्रश्न पडला की दोन्हीकडून उघडं असलेलं ठेवायचं. मला हे वेळेवर सुचायचं नाही. शेठ माझा हात संपल्यावर बघायचे आणि समजावून सांगायचे.

"चार-पाचला दोन गिऱ्हाइकं आहेत, चार-सहाला एकच. तू एका गिऱ्हाइकासाठी दुकान उघडून बसलास. आणि बघ, चारपैकी तीन पाच तर टेबलावर पडलेत. म्हणजे तुझं गिऱ्हाईक कधीच घरी गेलंय."

मामींची तऱ्हा वेगळी. त्यांना जिंकायची हौस नव्हती, पण आपल्यामुळे दुसऱ्याने जिंकावं हे त्यांना अजिबात खपायचं नाही. आपण टाकलेल्या सोंगटीवर कुणाचा हात लागला तर त्याचे सगळे गुण आपल्या एकट्याच्या काड्यांतून जातात. पण खेळाचा एक नियम आहे. माणसाने स्वतः जी सोंगटी टाकून दिली, तिच्यावर त्याला दुसऱ्याकडून जिंकता येत नाही. बायकोने हे सांगितलं त्या दिवसापासून मामींनी ते धरून ठेवलं. कुणी रीची म्हटलं की मामी त्याच्यासमोर पडलेल्या सोंगट्या निरखायच्या आणि नेमकं तेच आपल्या हातातून काढून टाकायच्या. त्यासाठी जमलेला हात मोडायला लागला तरी बेहत्तर.

"त्यानं टाकलंय त्येच टाकायचं," त्या म्हणायच्या. "काय करंल मंग त्यो?"

"पण आई, तुझा हात तयार होता की!" फोनमधून लेक ओरडायची. "जुळायला लांब असशील तेव्हा मोड. एकाच सोंगटीवर अडलेली असशील तर थोडं धाडस कर."

"मला न्हाई जमत धाडस. तुज्या बापाकडं हाय तेवढं पुरं हाय."

आणि गंमत म्हणजे दुपार संपताना काड्या मोजल्या की शेठ पहिले असायचे आणि मामी दुसऱ्या. एकही हात न जिंकता कितीतरी वेळा दुसऱ्या. मामा शेवटचे, आणि मी त्यांच्या जरा वर.

मामा शेवटचे राहत कारण त्यांना लाल, हिरव्या आणि कोऱ्या तिन्हींचे गट एकाच हातात जमवायचे होते. तो फार मोठा हात असतो आणि फार क्वचित लागतो. मामा एक लाल, एक हिरवी, एक कोरी अशा सुट्या सोंगट्या सुरुवातीपासून जपून ठेवायचे, आणि मधले चांगले चार-पाच-सहा फेकून द्यायचे. लेकीने सांगितलं, शेठनी सांगितलं, ऐकतील तर शपथ.

मग एकदा ती ड्यूटीवर असताना फोन लागला. तिच्या वरिष्ठांना विचारून तिने फोन टेबलावर ठेवला आणि पडद्यावर एक बारीक, पांढऱ्या केसांची म्हातारी आली. तिला खेळ शिकवणारी हीच. मामा सावरून बसले, टोपी नीट केली आणि नमस्कार केला. म्हातारीने वाकून नमस्कार केला. मामांनी परत केला. तिने परत केला. हे बराच वेळ चाललं.

शेवटी मामांनी आपला हात फोनसमोर धरला. म्हातारीने तो बघितला आणि तोंडावर हात ठेवून खूप हसली. मग बोटाने एक-एक दाखवत काहीतरी म्हणाली.

"आजी म्हणतात," बायकोने सांगितलं, "हे सुटे लाल-हिरवे आणि दिशा हे सगळे पाहुणे आहेत. एक-एकटे आले असतील तर त्यांना लवकर निरोप द्या. उशीर केलात तर जाताना दुसऱ्याचं भलं करून जातात. घरची माणसं मधली. त्यांना धरा."

"एक लाल ऱ्हाऊ दे की," मामा म्हणाले.

म्हातारीला ते न सांगताच कळलं. तिने नाही नाही म्हणून हात हलवला. आणि मामांनी लाल टाकली! कुणाच्या बापाचं न ऐकणारा हा माणूस एका परक्या देशातल्या म्हातारीच्या बोटाप्रमाणे सोंगट्या टाकत गेला. आकडे जुळत गेले. तिने खूण केली तेव्हा मामांनी सोंगटी आडवी ठेवून 'रीची' म्हटलं. थोड्या वेळात त्यांनी स्वतःच पाहिजे ती सोंगटी उचलली. साधा, छोटा हात होता. पण मामा उठून उभे राहिले आणि फोनसमोर हात जोडले. तिकडे म्हातारी टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर फोनवर मामांचा पहिला प्रश्न "म्हातारी काय म्हन्ती?" हा असायचा. आणि तिकडे म्हातारी विचारायची, दिशा शिकवणारे आबा बरे आहेत का.

माझं आणि मामांचं नातंही त्या टेबलावर थोडं सैल झालं. जावई म्हणून मला ते कायम 'पावणं' आणि 'तुमी' म्हणायचे, मी आलो की सतरंजी घालायला सांगायचे. एकदा शेठनी रीची केली होती आणि मी विचार न करता उसाचा पाच टाकला. शेठनी शांतपणे हात उघडा केला. मामांचा स्वतःचा हात तयार होता, तो वाया गेला.

"आरं गाढवा, मदला ऊस टाकतो व्हय!"

मामी स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या, तिथेच थबकल्या. शेठ छताकडे बघू लागले. मामांचं तोंड पडलं. "म्हंजी... तसं न्हाई पावणं..." त्या दिवशी मी घरी जाताना इतका खूश होतो की बायकोला फोन करून सांगितलं, तुझ्या बापाने मला गाढव म्हटलं.

तिचा करार संपत आला तेव्हा वृद्धाश्रमाने तिला आणखी राहायला सांगितलं. तिथली मोठी परीक्षा द्यायची, म्हणजे कायमचं प्रमाणपत्र मिळतं. तिला ते हवं होतं. तिने मला विचारलं. मी दोन दिवस मागितले. ऑफिसातून येऊन रिकाम्या खोलीत बसलो की नको वाटायचं, आणि भिंतीवर तिची ती अक्षरं अजून चिकटलेली दिसली की हो वाटायचं. मी हो म्हणालो.

"आबांना तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मला नाही जमणार."

रविवारी खेळ सुरू होण्याआधी मी सांगितलं. मामा सोंगट्या पालथ्या घालून मिसळत होते. त्यांचे हात थांबले.

"तुमी हो म्हन्लात?"

"हो."

"मंग मला इचारता कशाला?"

"विचारत नाही मामा, सांगतोय."

त्यांनी एकेक सोंगटी पेटीत भरली, पेटी बंद केली आणि कपाटाच्या वर ठेवली. त्यानंतर कित्येक रविवार खेळ झाला नाही. मी जायचो, मामी वाढायच्या, मामा ओट्यावर पाठ करून बसायचे. शेठ एकदा आले, चहा घेऊन गेले. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "तुझ्यावर राग नाही रे त्याचा. गुडघा बदलल्यापासून त्याने एकच गोष्ट धरली होती, की पोरगी अमुक महिन्यात येणार. ते तू काढून घेतलंस. जरा दम धर."

फोनवर पुन्हा "बरी हायेस ना? जेवलीस का?" सुरू झालं.

नवा करार सुरू होण्याआधी ती सुट्टीवर आली. कडाक्याची थंडी होती, लोकांच्या कांद्याच्या लागणी चालल्या होत्या. ती काही दिवस माझ्याकडे ओतूरला राहिली, राजुरीला जाऊन आली, मग आम्ही डिंगोऱ्याला गेलो. मामा तिच्याशी नीट वागले. तिच्यासाठी कुणाकडून तरी हुरडा मागवला, पाणी तापलं का विचारलं. पण जमिनीकडे बघून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने खुर्चीवर चढून पेटी काढली आणि कुणाला न विचारता टेबलावर ओतली. शेठना तिनेच फोन करून बोलावलं होतं. मामा ओट्यावर होते. सोंगट्यांचा आवाज झाला तसे ते आत आले आणि आपल्या जागेवर बसले. मी माझी जागा तिला दिली आणि तिच्या मागे स्टूल घेऊन बसलो.

तिचा खेळ बघण्यासारखा होता. त्यात काहीही मोठं नव्हतं. दिशा आधी जायच्या, मग कडेचे आकडे, मधले जवळ राहायचे. पोन जवळजवळ नाहीच. आणि बाकीचे अजून हात लावतायत तोवर तिची सोंगटी आडवी पडलेली असायची. रीची. शेठ लगेच सांभाळून टाकायला लागायचे, मामी तर आधीपासूनच. मामा नेहमीसारखे पुढे जायचे आणि तिच्या तावडीत सापडायचे.

"बापालाबी सोडत न्हाईस?" मामा शेवटी म्हणाले. घरी आल्यापासून त्यांनी तिच्याकडे बघून बोललेलं हे पहिलं वाक्य.

"माझ्यासमोर चकतीचे दोन-दोन सात पडलेत आबा. तुमच्या हातातही तोच सात आहे, मला दिसतंय तुमच्या तोंडावर. तोच टाका ना. तिकडच्या आज्या मला असं सांगतसुद्धा नाहीत."

मामांनी सोंगटी उचलली, हातात फिरवली. "ती म्हातारी कशी हाय गं? फोनवर दिसली न्हाई कवापासनं."

"गेली ती, आबा. गणपतीच्या आधी."

मलाही तिने हे सांगितलं नव्हतं.

"तिची मान्सं?"

"मुलगी होती. दूर राहायची, पोचायला वेळ लागला."

"मंग जवळ कोन व्हतं?"

"मी होते. पहाटेची वेळ, माझीच ड्यूटी होती. हात धरून बसले होते. दुसरं काय करणार?"

मामा तिच्याकडे बघत राहिले, आणि तसंच बघत बघत हातातली सोंगटी त्यांनी टेबलावर ठेवली. उसाचा सहा.

ती डोळे पुसत म्हणाली, "रॉन."

मामींनी तिच्या दंडावर चापटी मारली. "आगं, बापाला जरा दम तरी खाऊ दे!" शेठ हसायला लागले, मग तीही हसली, रडत रडत. आणि मामांनी आपल्याकडच्या काड्या मोजून तिच्यापुढे सरकवल्या. "घे. म्हातारीनं शिकिवलंय, ती कशी सोडंल!"

मग ते विचारत गेले. त्या लोकांना आंघोळ कशी घालतात, जेवायला काय देतात, कुणी चिडतं का, मारतं का, तुला त्यांचं बोलणं सगळं कळतं का. ती सांगत होती. उन्हं उतरली तसे शेठ उठले, पण दारातच उभे राहून ऐकत राहिले, आणि मामींनी त्यांना वेळेची आठवण करून दिली.

त्या संध्याकाळी मामा मला मागच्या कांद्याच्या चाळीपाशी घेऊन गेले.

"तिकडं म्हाताऱ्या मान्सांना आसं एकलं सोडत्यात व्हय?"

"सोडत नाहीत मामा. म्हणून तर माणसं नेमतात."

"हं." काठीने त्यांनी एक ढेकूळ फोडलं. "मंग ऱ्हाऊ दे तिला. पन परीक्षा पास झाली पायजे म्हनावं. नापास झाली तर सरळ निघून यायचं."

"हे तुम्हीच सांगा तिला."

"सांगतो की. मी काय भितो का?"

ते तिला सांगायला तिच्या जाण्याचा दिवस उजाडला. पण या वेळी ते गोठ्यात गेले नाहीत. गाडीच्या खिडकीला धरून उभे राहिले आणि बोलले.

ती पास झाली. पुढची वर्षं रविवार रविवार करत गेली. मामा थोडे सुधारले, म्हणजे चार वेळा सांगितलं की एकदा हात मोडायचे. करार संपवून ती परत आली आणि आता नारायणगावला एका दवाखान्यात आहे. वयस्कर पेशंट तिलाच बोलवा म्हणतात. काही रविवारी तिची अर्धा दिवस ड्यूटी असते.

परवाच्या रविवारी अशीच तिची ड्यूटी लांबली. शेठ लेकीकडे पुण्याला गेलेले. आम्हाला डिंगोऱ्याला पोचायला दुपार उलटून गेली. गाडी बंद करून ओट्यापाशी आलो तर आतून भांडण ऐकू आलं. आम्ही दाराशी उभे राहिलो. टेबलावर चौघांच्या सोंगट्या मांडलेल्या होत्या आणि दोघंच खेळत होते. मामा एक हात खेळायचे, मग काठी टेकत उठून शेजारच्या खुर्चीवर बसायचे आणि दुसरा खेळायचे. मामी बसल्या बसल्याच शेजारच्या खुर्चीवर सरकत होत्या.

"तू पोरीची पानं बगून टाकतीस," मामा म्हणत होते.

"बगनार न्हाई तर काय करनार? पोरगी आता मीच हाय न्हवं!"

मामांचं लक्ष आमच्याकडे गेलं. मी आत जाऊन माझी खुर्ची ओढली, तसा त्यांनी हात आडवा घातला.

"थांबा पावणं, बसू नका मदेच. तुमचा हात मी खेळतोय. आज पयल्यांदा तुमी जिंकताय."